नवे शू, नवे मॅग्नेट, तरी ट्रेलरचा ब्रेक पुन्हा ढिला: दोष कुठे शोधायचा

"दोन्ही चाकांचे ब्रेक गेल्याच वर्षी नवे टाकले होते. तरी पुन्हा तेच. ट्रेलर मागून ढकलतो, कंट्रोलर शेवटच्या आकड्यावर नेला तरी धरत नाही." पुण्यात इलेक्ट्रिक ब्रेकचा कॅम्पर ट्रेलर ओढणाऱ्यांची ही तक्रार दसऱ्याच्या आसपास हमखास कानावर येते. पावसाळाभर ट्रेलर सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर कुणाच्या तरी शेतात उभा असतो, दिवाळीत कोकणात जायचं ठरतं, आणि पहिल्याच फेरीत कळतं की ब्रेक नुसता नावाला उरलाय. मग पुन्हा शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या), पुन्हा मॅग्नेट, पुन्हा खर्च.

माझं म्हणणं सरळ आहे. नवा ब्रेक टाकूनही जो ट्रेलर वर्षभरात पुन्हा ढिला पडतो, त्याचा दोष बहुतेक वेळा शूमध्ये नसतोच. एक तर मॅग्नेटपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही, नाहीतर हबचं (चाकाच्या मधल्या तुंब्याचं) सील ग्रीस सोडतंय, नाहीतर नवा मॅग्नेट गंजक्या ड्रमवर घासला जातोय. हे तीन दोष तसेच ठेवून कितीही महागाचा सेट टाका, तो पुढचा पावसाळा काढणार नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी वायर, मग हब, शू सगळ्यात शेवटी.

खाली जे लिहिलंय ते एका एक्सलच्या ट्रेलरसाठी, ज्याला दोन चाकं आणि १० इंची ड्रम आहेत. साधारण १६०० किलोच्या एक्सलवर हाच ब्रेक येतो आणि लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) रुंदी सव्वादोन इंच असते. १२ इंची ड्रमलाही तत्त्व तेच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा ब्रेक किंवा ट्रेलरच्या रेट्यावर लागणारा ओव्हररन ब्रेक हा प्रकार वेगळा, त्याला यातलं फारसं लागू नाही.

यात तेल नाही, हवा नाही

ज्यांनी कधी हा ड्रम उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर नसतो. त्याजागी एक लिव्हर असते आणि लिव्हरच्या खालच्या टोकाला लंबगोल मॅग्नेट. ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला आर्मेचर म्हणतात. गाडीतल्या कंट्रोलरने करंट सोडला की मॅग्नेट आर्मेचरला चिकटतो आणि फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो. त्या ओढीने लिव्हर वळते आणि पुढच्या शूला ड्रमवर दाबते. पुढचा शू खालच्या, शू आणि ड्रममधलं अंतर लावणाऱ्या अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो. ब्रेकची खरी ताकद या ढकलण्यातून येते. म्हणूनच पुढच्या शूचं लायनर आखूड आणि मागच्याचं लांब असतं, आणि म्हणूनच डावी प्लेट (शू ज्यावर बसतात ती बॅकिंग प्लेट) उजवीकडे चालत नाही. आखूड लायनर गाडीच्या दिशेला, हे जोडणी करताना एकदा नव्हे, दोनदा बघा. उलटी बसलेली प्लेट ब्रेक लावते, पण कायम निम्म्या ताकदीने, आणि ट्रेलर सतत एका बाजूला ओढतो. बाहेरून ते अजिबात कळत नाही.

चाक फिरत नसेल तर मॅग्नेट चिकटतो खरा, पण शू उघडत नाहीत. त्यामुळे जॅकवर तपासताना चाक हाताने पुढच्या दिशेला फिरवत असतानाच ब्रेक लावायचा. याचा दुसरा अर्थ असा की हा पार्किंग ब्रेक नाही. उतारावर ट्रेलर सुटा करायचा असेल तर चाकांना ठोकळे लावायचेच.

आधी पिन ओढून बघा

ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लागावा म्हणून पुढे एक ब्रेकअवे स्विच असतो. त्याची पिन वायररोपने गाडीला बांधलेली असते, आणि पिन निघाली की ट्रेलरवरची १२ व्होल्टची बॅटरी थेट मॅग्नेटला जोडली जाते. दोष गाडीकडे आहे की ट्रेलरकडे, हे ठरवायला याच्याइतकी सोपी सोय दुसरी नाही.

सपाट जागेवर ट्रेलर लावा आणि एका चाकाला ठोकळे द्या. दुसरं चाक जॅकने उचला आणि एक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. गाडीचा प्लग काढून ठेवा, कारण प्लग जोडलेला असताना पिन ओढली तर करंट उलटा कंट्रोलरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. आता कुणाला तरी चाक पुढच्या दिशेला फिरवायला सांगा आणि पिन ओढा. चाक जागच्या जागी थांबायला हवं, दोन्ही हातांनी जोर लावूनही हलता कामा नये. दुसऱ्या चाकालाही हेच करा.

पिनवर दोन्ही चाकं घट्ट धरत असतील आणि गाडीच्या कंट्रोलरवर धरत नसतील, तर ड्रम उघडायची गरजच नाही. दोष कंट्रोलर, प्लग किंवा गाडी आणि ट्रेलर यांच्यातल्या अर्थच्या (करंट परत नेणाऱ्या) वायरमध्ये आहे. पिनवरही दोन्ही चाकं ढिली असतील तर आधी ट्रेलरची बॅटरी चार्ज आहे ना ते बघा. वर्षभर चार्ज न झालेली बॅटरी हे कारण सर्रास सापडतं, आणि तो दोष ब्रेकपेक्षाही गंभीर आहे, कारण ट्रेलर सुटला तर त्याला थांबवणारी तीच एक वस्तू आहे. बॅटरी चांगली असूनही दोन्ही ढिली, तर दोघांच्या सामाईक वायरिंगमध्ये शोधा. एकच चाक ढिलं असेल तर त्या चाकाचा जोड, मॅग्नेट, अ‍ॅडजस्टर किंवा ग्रीस.

बारा व्होल्ट येतात, मग ब्रेक का नाही?

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. कोथरूडहून एक मुलगा ट्रेलर घेऊन आला होता. मॅग्नेटच्या वायरी सोडवून त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "काका, पूर्ण बारा दाखवतोय. वायरिंग ओके आहे." मी म्हटलं, "मॅग्नेट जोड आणि मग दाखव." जोडलं तर आकडा सातावर आला.

मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे सडक्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बंद नळात पाण्याचा दाब भरपूर असतो, नळ सोडला की कळतं पाइपात किती कचरा आहे. हिशोब करून बघा. चांगल्या मॅग्नेटचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ४ ओहम. दोन मॅग्नेट समांतर जोडले की दोघांचा मिळून दीड ते दोन. आता वाटेत कुठेतरी गंजलेल्या जोडाचा फक्त १ ओहम घुसला, तर बारापैकी चार ते पावणेपाच व्होल्ट त्या जोडातच संपतात आणि मॅग्नेटच्या वाट्याला सात-आठच येतात. मॅग्नेटची ओढ करंटवर चालते. ती तिथेच मार खाते, आणि दोष मात्र शूच्या नावावर लागतो.

त्या मुलाच्या ट्रेलरला खाली, कमानपाट्याजवळ, दोन वायरी पिळून वरून काळी टेप मारली होती. टेप सोडवली तर आत तांबं नव्हतंच म्हणा, हिरवी भुकटी होती. बोटाने दाबली तशी चार-पाच तारा गळून पडल्या. ताम्हिणीचा पाऊस आणि त्यापुढे कोकणातली खारी हवा, यात पिळून टेप मारलेला जोड फार तर एक मोसम काढतो. चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तिथेच बसतं.

तपासणीसाठी मीटर असेल तर व्होल्टेज नेहमी मॅग्नेट जोडलेले असताना, कंट्रोलरचा हाताने चालवायचा खटका पूर्ण दाबून मोजा. खटका अर्धवट असताना कंट्रोलर करंट तुकड्या-तुकड्यांनी सोडतो आणि साधा मीटर काहीतरी भलताच आकडा दाखवतो. बॅटरीच्या टोकाला आणि मॅग्नेटच्या टोकाला अशा दोन जागी मोजा. दोहोंतला फरक एका व्होल्टच्या आत हवा. करंटही बघा: प्रत्येक मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर, म्हणजे दोन चाकांना ६च्या आसपास. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा आहे ना, हे विकत घेतानाच विचारा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात.

मीटर नसेल तर गाडीचा जुना हेडलाइटचा बल्ब घ्या. ५५ वॉटची फिलामेंट साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढते, म्हणजे एका मॅग्नेटपेक्षा थोडा जास्तच भार. मॅग्नेटच्या दोन वायरी सोडवून त्याजागी हा बल्ब लावा आणि पिन ओढा. लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. पिवळट, मलूल पेटला तर वायरमध्ये दोष आहे, आणि मग ड्रम उघडून उपयोग नाही. इंडिकेटरचा लहान बल्ब किंवा एलईडी यासाठी चालत नाही, तो सडक्या वायरवरही मजेत पेटतो.

अर्थ हा अर्धा ब्रेक आहे

मॅग्नेटच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असतात आणि कुठली कुठे लावली याने फरक पडत नाही. एक कंट्रोलरकडून येणाऱ्या वायरला, दुसरी अर्थला. पण ती दुसरी वायर बरेच लोक जवळच्या चॅसिसला पत्र्याच्या स्क्रूने ठोकून मोकळे होतात, तेही रंगावरून. मग करंट परत जातो तो चॅसिस आणि ट्रेलर गाडीला जोडणारा कपलर व टो बॉल यांमधून. बॉलवर ग्रीस असतं, वळणावर कपलर हलतो, आणि ब्रेक कधी लागतो कधी नाही. "सकाळी चांगला होता, दुपारी गेला" अशी तक्रार आली की मी पहिली नजर अर्थवर टाकतो.

अर्थची वायर प्लगपासून थेट मॅग्नेटपर्यंत, ब्रेकच्या वायरइतकीच जाड, वेगळी ओढा. जाडी ४ चौरस मिलिमीटर. समजा गाडीच्या बॅटरीपासून चाकापर्यंत ७ मीटर अंतर आहे. जाऊन-येऊन १४ मीटर झाली. ४ चौरस मिमीच्या तांब्यात ६ अँपिअरला अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी पडतो. तीच वायर १ चौरस मिमीची असेल तर दीड व्होल्ट नुसत्या वायरीतच जातो, जोड धरलेच नाहीत. टेललॅम्पसाठी आणलेली उरलेली वायर ब्रेकला वापरलेली दिसते, ती बदलाच. प्लगच्या पिनांवर काळा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, ढिल्या पिना बदला. अमेरिकी पद्धतीच्या सात पिनी प्लगमध्ये ब्रेकची वायर निळी आणि अर्थ पांढरी असते. पण इथे बांधलेल्या ट्रेलरमध्ये रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर मीटरने शोधा.

जोड करताना तांब्याची स्लीव्ह क्रिम्प करून वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. तापवली की दोन्ही टोकांतून गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे, तरच पाणी अडतं. हे सगळं तपकीर गल्लीत मिळतं आणि दोन्ही चाकांचं मिळून एका शूच्या किमतीतही बसतं.

आता एक लपलेली जागा. अनेक तयार एक्सलमध्ये एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी वायर एक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली असते. ती आत मोकळी लोंबते आणि प्रत्येक खड्ड्याला नळीच्या आतल्या खरबरीत कडेला घासते. वर्ष-दोन वर्षांत वरचं आवरण सोलवटतं आणि वायर एक्सलला टेकते. ट्रेलर उभा असताना सगळं ठीक, रस्त्यावर हादरा बसला की शॉर्ट. कंट्रोलर मधूनच फॉल्ट दाखवतो आणि पाच मिनिटांनी आपोआप ठीक होतो. ही वायर दुरुस्त करत बसू नका. नवीन वायर एक्सलच्या बाहेरून, पाठच्या बाजूला, फ्लेक्झिबल पाइपात घालून क्लिपांनी बांधा. पुन्हा कधी बघायची वेळ आली तर डोळ्यांसमोर राहील.

ड्रम उघडल्यावर

वायरिंग चोख निघालं, तरच ड्रम काढा. डस्ट कॅप, स्प्लिट पिन, नट, बाहेरचं बेअरिंग, मग हबसकट ड्रम हातात येतो. आतली भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात जायला नको. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या.

सगळ्यात आधी मॅग्नेटचं तोंड बघा. चांगला मॅग्नेट सपाट आणि सारखा झिजतो. त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेड दिसता कामा नये. एका कडेला जास्त झिजला असेल तर लिव्हरचं बुश गेलंय, लिव्हर तिरकी बसतेय. नवा मॅग्नेटही तसाच झिजणार, म्हणून लिव्हर बदलल्याशिवाय मॅग्नेट बदलू नका. घर्षणाच्या थरातून आतली तांब्याची कॉइल कुठेही डोकावली की मॅग्नेट संपला. ओहम मोजा, दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास सारखे हवेत. मोजणी ब्रेक गार असताना करा, कारण कॉइल तापली की रेझिस्टन्स वाढतो. एक वायर मीटरला आणि मीटरचं दुसरं टोक मॅग्नेटच्या लोखंडी अंगाला लावून बघा. तिथे काहीही वाहता कामा नये, वाहिलं तर आत शॉर्ट आहे.

मॅग्नेट बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम. एक नवा आणि एक जुना असला की ओढ सारखी राहत नाही.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे नवा मॅग्नेट सहा महिन्यांत संपतो: मॅग्नेट नवा, आर्मेचर जुना. पावसाळ्यात उभ्या ट्रेलरच्या ड्रमवर गंज चढतो. मॅग्नेट जिथे टेकलेला असतो तेवढी जागा सोडून बाकी सगळं खरबरीत होतं. नवा, नरम मॅग्नेट अशा तोंडावर फिरला की किसला जातो. हलका गंज पॉलिश पेपरने निघतो. खोल चरे किंवा खड्डे असतील तर ड्रम लेथवर देऊन आर्मेचरचं तोंड फेस (सपाट) करून घ्या, आणि लायनर घासतो तो आतला व्यासही बघून घ्या. १० इंची ड्रम १०.०९० इंचापर्यंतच चालतो, त्यापुढे गेला की बदलायचा. टर्नरला सांगा की दोन्ही काम एकाच पकडीत कर. हबच्या बेअरिंगच्या बैठकीवरून मध्य काढायचा, ड्रमच्या बाहेरच्या कडेवरून नाही, नाहीतर ब्रेक लावताना प्रत्येक फेऱ्याला धक्का जाणवतो. लेथवरून आलेला हब बेअरिंग बसवण्याआधी केरोसिनने धुवा, आतला कीस बेअरिंग खातो.

लायनर दीड मिलिमीटरच्या खाली गेलं की शू बदला. त्याहून जाड असूनही ग्रीस लागलं असेल तरीही बदला. पेट्रोलने धुतलेलं किंवा आगीवर भाजलेलं लायनर दोन दिवस बरं वाटतं, पण ग्रीस खोल मुरलेलं असतं. ब्रेक तापला की ते पुन्हा वर येतं. स्प्रिंगा निळ्या पडल्या असतील, म्हणजे खूप तापल्या असतील, तर त्याही काढा. शूसोबत स्प्रिंगांचा संच नवाच घालावा असं माझं मत आहे, पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे. चारही बोल्ट काढून पूर्ण बॅकिंग प्लेट तयार मिळत असेल तर शू, मॅग्नेट, लिव्हर, अ‍ॅडजस्टर सगळंच नवं येतं आणि चुकीला वाव राहत नाही.

ग्रीस लायनरवर आलं कुठून?

हा प्रश्न न सोडवता नवे शू घातले तर त्यांचीही तीच गत होणार. कारणं दोन.

पहिलं, सील. या एक्सलचं ग्रीस सील इंची मापाचं असतं: आतला व्यास १.७१९ इंच, बाहेरचा २.५६५ इंच. मिलिमीटरमध्ये ४३.६६ आणि ६५.१५. नाना पेठेत दुकानदाराला मापं तोंडी सांगितली की तो प्रामाणिकपणे जवळचं म्हणून ४४ बाय ६५ काढून देईल. हातात दोन्ही सारखीच दिसतात. पण ते बाहेरून दीड दशांश मिलिमीटर लहान आणि आतून तीन दशांशापेक्षा जास्त मोठं. हबमध्ये अंगठ्याने दाबून बसतं आणि तिथेच कळायला हवं की काहीतरी चुकतंय. योग्य सील ठोकळा ठेवून हलक्या हातोडीनेच बसतं. जुनं सील आणि बेअरिंग बरोबर न्या, माप तिथे कॅलिपरने घ्या. बेअरिंगला अडचण येत नाही. आतलं एल ६८१४९, बाहेरचं एल ४४६४९, नंबर रोलरच्या आतल्या रिंगवर कोरलेले असतात. पण तुमच्या एक्सलवर वेगळे असतील तर तुमचेच खरे.

दुसरं कारण, ग्रीस गन. काही एक्सलच्या टोकाला निपल असतं, डस्ट कॅपचं रबर काढून तिथून ग्रीस भरता येतं. सोय चांगली आहे, पण नव्या ग्रीसला आधी आतल्या सीलजवळून वळून बाहेरच्या बेअरिंगकडे यायचं असतं. घाईत, चाक न फिरवता, जोरात गन मारली की दाब सीलवर येतो, सीलचा ओठ उलटतो आणि ग्रीस थेट ब्रेकमध्ये. चाक उचललेलं, हाताने सतत फिरवत, सावकाश भरा. त्यातही माझी पसंती वर्षातून एकदा हब उघडून, बेअरिंग धुऊन हाताने ग्रीस भरायलाच आहे. त्या निमित्ताने मॅग्नेट, लायनर, सील सगळं डोळ्यांखालून जातं. वर्ष किंवा २० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. आपल्याकडच्या कॅम्परचं रनिंग कमी, त्यामुळे वर्षच आधी येतं. वेळ मे महिन्याची चांगली, पावसाच्या आधी.

हब परत बसवताना चाक फिरवत नट घट्ट आवळा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं, मग पूर्ण ढिला करून फक्त बोटांनी आवळा आणि स्प्लिट पिन घाला. नवीन पिन, जुनी सरळ करून नाही. पान्याने आवळून सोडलेलं बेअरिंग लोणावळ्यापर्यंत जाईपर्यंत तापतं, आणि तापलेला हब बघून लोक ब्रेक जाम झाला असं समजतात.

ब्रेक धरतो पण सोडत नाही

याचं थोडक्यात. ड्रम विनाकारण तापत असेल तर प्लग काढून चाक फिरवून बघा. मोकळं फिरलं तर गाडीकडून थोडा करंट सतत गळतोय, कंट्रोलर किंवा ब्रेकलाइटची वायर तपासा. प्लग काढूनही जड फिरत असेल तर ब्रेकअवे स्विचमध्ये पाणी गेलंय का बघा. तो आतून चिकटला की पिन जागेवर असूनही ब्रेक लागलेला राहतो आणि बॅटरी रात्रीत उतरते. बॅटरीची वायर काढल्यावर चाक सुटलं तर स्विचच दोषी. तरीही जड असेल तर अ‍ॅडजस्टर जास्त आवळलाय किंवा स्प्रिंग गेलीय.

अगदी हलका ब्रेक लावला तरी चाक गच्चकन अडकत असेल, तर ती लायनरला थोडंसं ग्रीस लागल्याची खूण असू शकते. ग्रीस लागलं की ब्रेक नेहमी ढिलाच पडतो असं नाही.

जोडल्यानंतरचं काम

अ‍ॅडजस्टरची दातेरी चक्री प्लेटच्या पाठीमागच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरने फिरवतात. शू ड्रमला घट्ट लागेपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरून नुसता हलका घासल्याचा आवाज येईल इतकं सोडा. दोन्ही बाजूंना सारखंच. चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीने आवळा आणि ५० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळा.

नवा ब्रेक पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने धरत नाही. आणि इथेच लोक गेन (कंट्रोलरवरचा ब्रेकच्या ताकदीचा आकडा) वाढवून बसतात. लायनर ड्रमवर आणि मॅग्नेट आर्मेचरवर बसायला वेळ लागतो. सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर जा, ताशी ६५ च्या आसपास वेग घ्या, आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताच्या खटक्याने लावून वेग ३०-३५ वर आणा. पुन्हा वेग घ्या, मध्ये ब्रेक गार होऊ द्या. वीस ते तीस वेळा असं केलं की धरण्यातला फरक कळतो. मागे गाड्या असताना हे करू नका. मग थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही ड्रमचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखे गरम हवेत. एक गार राहिला तर ते चाक काम करत नाही, पुन्हा वर जाऊन बल्बची चाचणी घ्या. हात लावून बघू नका, ड्रम कातडी सोलवटण्याइतका तापतो.

गेन लावायचा तो प्रवासाच्या भरलेल्या ट्रेलरवर, पाण्याची टाकी भरून. कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी ३०-४० ला खटका पूर्ण दाबला असता चाकं अडकण्याच्या किंचित अलीकडे राहिली पाहिजेत. रिकामा ट्रेलर परत आणताना गेन कमी करा, नाहीतर ओल्या रस्त्यावर चाकं घसरतील.

नऱ्ह्यात राहणाऱ्याला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार रोज दिसतो आणि ब्रेक गेलेल्या ट्रकचं काय होतं तेही. इलेक्ट्रिक ब्रेक तापला की मॅग्नेटची ओढ कमी होते आणि लायनरचीही पकड जाते, दोन्ही एकदमच. म्हणून तिथे, वरंधात, ताम्हिणीत उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता लावा-सोडा करा. भरपूर पाण्यातून ट्रेलर गेला असेल तर पुढच्या सपाटीवर हाताचा खटका हलकासा दाबून ब्रेक वाळवून घ्या, मगच घाटाला लागा.

पावसाळ्यात ट्रेलर उभा राहणार असेल तर तो पक्क्या जमिनीवर ठेवा, गवतात नाही. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा. आणि तीन-चार आठवड्यांनी तो दहा-वीस फूट पुढेमागे ओढून खटका दोन-चार वेळा दाबा, म्हणजे मॅग्नेट आर्मेचरवरचा कोवळा गंज खरडून काढेल. नवे शू घातल्यावर पहिल्या ३०० किलोमीटरनंतर अ‍ॅडजस्टर पुन्हा एकदा लावा, कारण सुरुवातीची झीज भराभर होते. त्यानंतर दर ५ हजार किलोमीटरला.